अर्ध्या शटरमधलं लुगडं

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून कापडाचा धंदा. आजोबा पाठीवर गठ्ठा टाकून बाजार करायचे, वडिलांनी दुकान टाकलं आणि मी त्या दुकानाला शटर बसवलं. माझं कर्तृत्व विचाराल तर ते शटर. गाव दिंद्रुडच्या बाजूचं, मोठं, आठवडी बाजाराचं. नाव सांगत नाही. सांगितलं की चार जण उद्या दुकानात भांडायला येतील, आणि त्यातले दोघं माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत.

सांगायचं आहे ते एका लुगड्याचं, जे मी विकलं नाही. विकायला पाहिजे होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्याबद्दल उगाच आशा धरून बसायला नको.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. जीवनावश्यक वस्तूंची दुकानं सकाळी सात ते अकरा, बाकी सगळं बंद, असा हुकूम निघाला. किराणा, दूध, भाजीपाला, औषधं, खत-बियाणं हे सगळं जीवनावश्यक. कापड नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलेली ती यादी मी तीनदा वाचली, की कुठंतरी खाली बारीक अक्षरात आपण असू. नव्हतो. माझं डोकं लई फिरलं. शाळेत मास्तरांनी छड्या मारून पाठ करून घेतलं होतं, माणसाच्या गरजा तीन, अन्न, वस्त्र, निवारा. यादीवाल्यांनी पहिलं ठेवलं, तिसरं ठेवलं आणि मधलं उडवलं. म्हणजे माणसानं आपल्या घरात बसून पोटभर जेवावं, फक्त उघड्या अंगानं.

खरं सांगायचं तर बंदीच चुकीची होती असं मी तेव्हाही मनातून म्हणत नव्हतो. लग्नसराईत माझ्या दुकानात काय चालतं ते मलाच ठाऊक. एका नवरीमागं अकरा बाया येतात. एकच साडी अकरा जणी खांद्यावर टाकून आरशात बघतात, मग ती बाजूला सारून दुसरी मागतात, आणि तोवर चहा येतो. गावोगाव माणसं दम लागून जात होती, सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी नसायचा. अशा दिवसांत हा बाजार उघडा ठेवणं शहाणपणाचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. माझं भांडण बंदीशी नव्हतं. शेजाऱ्याशी होतं.

शेजारी म्हणजे किराणावाला. माझा वर्गमित्र, भिंतीला भिंत लागून दुकान. त्याच्या पाटीवर 'किराणा व जनरल' असं लिहिलंय. त्या जनरल शब्दानं त्याचं सोनं केलं. तेलाच्या डब्यांमागं आधी टॉवेल आले, मग बनियन, मग बायकांचे गाऊन, मग चादरींची थप्पी. तूरडाळ घ्यायला आलेली बाई चादर घेऊन जायची, आणि मी बंद शटरच्या आत पंख्याखाली बसून फटीतून तिच्या पिशवीकडं बघायचो. मी त्याला म्हणालो, लाज कशी वाटत नाही बे तुला. तो म्हणाला, तूही दोन पोती साखर आण, वर किराणा लिही, कोण अडवतंय. बायकोचंही तेच म्हणणं. पण मी हटून बसलो. तीन पिढ्यांच्या कापडाच्या दुकानात साखर ठेवू? मेलो तरी नाही. आता वाटतं, ठेवायला पाहिजे होती. निदान मुंग्या तरी आल्या असत्या दुकानात.

गावात एक समिती नेमली होती. सरपंचबाईंचे यजमान, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि शाळेतले एक मास्तर. मी माझी तक्रार घेऊन तिथं गेलो आणि दोन तास भांडलो. ते शांतपणे ऐकत होते, कारण त्यांनाही दुसरं काम नव्हतं. किराणावाल्याला एक न्याय आणि मला एक, हा कुठला कायदा, असं मी विचारलं. कायदा वरून आलाय, ग्रामसेवक म्हणाले. भांडता भांडता मी बोलून गेलो, की उद्या गावातली एखादी बाई गेली तर तिच्या अंगावर काय किराणावाल्याची चादर घालणार? तिथं मात्र सगळे गप्प झाले.

गप्प का झाले ते सांगतो. आमच्याकडं लग्न झालेली बाई वारली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ घेऊन येतो. सासरच्यांनी कितीही भारी आणलं तरी ते आतून, वरून भावाचं. भाऊ येईपर्यंत तिला उचलत नाहीत, ऊन कितीही चढो. आणि ते कोरं लागतं, दुकानातून तसंच आलेलं, कुणी न नेसलेलं. बाई सवाष्ण असली तर हिरवं. ज्या बाईला भावाचं लुगडं मिळालं नाही तिच्याबद्दल सासरच्या बाया वर्षानुवर्षं बोलतात, आणि बोलणं भावाला लागतं. ज्यानं कुणी ती यादी केली त्याच्या घरात तेवढ्यात कुणी मेलं नसणार, एवढंच मी समजतो.

समितीनं तोंडी परवानगी दिली. मयताचं कापड असेल तर अर्धं शटर उचलायचं, कापड द्यायचं, शटर खाली ओढायचं. कागद-बिगद काही नाही. मयत खरं का खोटं ती खात्री तुम्हीच करायची, पोलीस पाटील म्हणाले. मी छाती फुगवून घरी आलो. गावात गरज कुणाची खरी आणि कुणाची खोटी हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खात्री करायची रीत वडिलांनी शिकवली होती. मयताच्या कापडाचं गिऱ्हाईक विचारून ओळखावं लागत नाही. ते एकटं येत नाही, सोबत दुसरा असतोच. ते गादीवर बसत नाही, उंबऱ्यापाशी उभं राहून सांगतं. समोर पडेल ते पहिलं उचलतं. निवड करत नाही, भाव करत नाही. दुकानदारानंही ते उलगडून दाखवायचं नाही आणि गिऱ्हाईक निघताना 'या' म्हणायचं नाही. एरवी आमचे वडील गिऱ्हाइकाला पायरीपर्यंत 'या बरं का पुन्हा' म्हणत सोडायचे. अशा वेळी मात्र मान खाली घालून गप्प बसायचे. आमच्या भागातल्या सगळ्या कापड दुकानांत हीच रीत, आणि ती गिऱ्हाइकांनाही तोंडपाठ.

तोंडपाठ होती हीच तर गोम. पहिले दोन-तीन जण खरे आले. मग एक दिवस उसाची बागायत असलेल्या मोठ्या घरातले दोघं आले. उंबऱ्याशी उभे राहिले, माना खाली. आजी गेली म्हणाले. आजीला तीन भाऊ, बंदीत लांब अडकलेले, त्यांच्या नावानं तीन लुगडी पाहिजेत. एवढी माणसं गावात मोठी, पण भावांनी अजून बहिणीची आठवण ठेवली, म्हणून मीच गहिवरलो. स्टुलावर चढून वरच्या फळीवरची चांगली लुगडी काढून दिली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काखेत मारून निघून गेले, आणि मी नियमाप्रमाणं 'या' म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी किराणावाल्यानं मला त्याचा फोन दाखवला. त्या घरातल्या कुणीतरी शेतातल्या लग्नाचे फोटो स्टेटसला ठेवले होते. नवरीची आई माझ्या लुगड्यात, चुलती माझ्या लुगड्यात, आणि मधोमध खुर्चीवर ती आजी, तिसरं लुगडं नेसून, तोंडात पानाचा विडा. तब्येत माझ्यापेक्षा चांगली दिसत होती. मला हसू यायला पाहिजे होतं, पण हा फोन किराणावाल्यानं आधी समितीला दाखवला होता.

समितीनं बोलावलं आणि सुनावलं. पुन्हा असं झालं तर दुकानाला सील ठोकू, आणि मयताच्या कापडाची परवानगीही गेली समजा. त्या बागायतदारांना कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलणार कसे, समितीतले दोघं त्या लग्नात जेवून आले होते. सगळ्यांत येडा मी ठरलो. गावात आठ दिवस लोक मला शटरच्या फटीतून हाका मारून विचारत होते, आजी कशी हाय म्हणून. मी तेव्हाच ठरवलं, आता कुणी मला फसवून दाखवावंच.

त्याच सुमाराची गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शटरवर थाप पडली. मी अर्धं उचललं तर बाहेर साठीच्या पुढचा एक माणूस, डोक्याला विटका पटका, अंगात बंडी. मेंढरं राखणारा आहे हे बघताक्षणी कळत होतं. कुठल्यातरी वस्तीवरचा असणार, आमच्या गावातला नव्हे. त्यानं सांगितलं, बहीण वारली, युसूफ वडगावच्या बाजूला दिली होती, हिरवं लुगडं पाहिजे. एकटाच होता. सोबत कोण आहे, मी विचारलं. तो म्हणाला, पुतण्याची मोटारसायकल आणलीय, पण नाक्यावर एकालाच सोडतात, पुतण्याला गाडीसकट तिथंच थांबवलं, मी चालत आलो. उत्तर तयार आहे, मी मनात म्हटलं.

मग तो शटरखालून वाकून आत आला आणि सरळ गादीवर बसला. माझ्या डोक्यात पहिली घंटा तिथं वाजली. तरी मी एक हिरवं लुगडं काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते मांडीवर घेतलं. अंगठ्यानं घडी उचकटली, काठ बोटात धरून चोळून बघितला, आणि दुसरं दाखवा म्हणाला. मी दुसरं टाकलं. याचा काठ लई बारीक हाय, तो म्हणाला. मी दात आवळून तिसरं काढलं. ते त्याला पसंत पडलेलं दिसलं. पदर त्यानं हातभर उलगडला, शटरखालून जेवढं ऊन आत येत होतं त्या उन्हात धरला, आणि मान वर करून मला विचारलं,

"शेठ, धुतल्यावर रंग जाईल का याचा?"

झालं. एकटा आला, गादीवर बसला, तीन लुगडी चिवडली, आणि आता रंग विचारतो. आजीच्या फोटोनंतर मी जो राग आठ दिवस धरून बसलो होतो तो सगळा त्या माणसावर निघाला. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, माणूस ओरडला की समोरचाही ओरडतो आणि बोलणं होतं. मी अगदी हळू, हसत हसत बोललो.

"मेलेल्या बाईचं लुगडं कोण धुवायला बसणार हाय, मामा? लग्नाचं कापड घ्यायचं असंल तर लॉकडाऊन उठल्यावर या."

तो माझ्याकडं बघत राहिला. अशा वेळी माणसं गळ्याची शपथ घेतात, लेकराबाळांची घेतात. त्यानं एकही शपथ घेतली नाही, आणि मी ते त्याच्या विरुद्धच धरलं. लुगडं त्यानं मांडीवरून उचललं, मोडलेली घडी जशीच्या तशी बसवली, दोन्ही हातांनी गादीवर ठेवलं आणि वाकून शटरखालून बाहेर गेला.

आमचं घर दुकानाच्या मागंच, मध्ये नुसता पडदा. बायको पडद्याआडून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, त्याच्या पायात चप्पल नव्हती. मी म्हणालो, मग? ती म्हणाली, वैशाखात अनवाणी पायानं लग्नाचं कापड घ्यायला कोण येतं हो? मी तिला म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं, आजीच्या वेळेला कुठं होतीस? पण मला बेचैन वाटलं म्हणून मी शटर वर करून बघितलं. तो किराणावाल्याच्या मागच्या दाराशी उभा होता. हं, मी म्हटलं, लग्नाचा बाकीचा बाजार करायला गेला असेल. माझी खात्री झाली. शटर ओढलं, जेवलो आणि दुपारचा झोपलो. झोप चांगली लागली हेही सांगून टाकतो.

तीन-चार दिवसांनी सकाळी किराणावाल्याकडं चहाची पत्ती आणायला गेलतो. दुकानापुढं चुन्यानं गोल आखलेले, एका गोलात मी उभा. माझा नंबर आला तसा त्यानं तराजूतून हात काढला.

"काय बे, त्या मेंढरवाल्याला काहून माघारी धाडलंस?"

खोटारडा होता, मी म्हणालो, आणि कशावरून ते सांगितलं. रंगाचं सांगितलं तेव्हा मागच्या गोलातला माणूस हसला. किराणावाला हसला नाही. एरवी तो कशालाही हसतो.

त्यानं जे सांगितलं ते असं. तो माणूस त्या दुपारी त्याच्या मागच्या पायरीवर येऊन बसला होता. पाणी मागितलं, दोन तांबे प्यायला. मग विचारलं, तुमच्याकडं लुगडं मिळंल का. लुगडं नव्हतं. बहिणीला पहाटेपासून अंगणात ठेवलेलं, उन्हाचा ताव बघता दिवस मावळायच्या आत न्यायची घाई चाललेली, सासरकडून फोनावर फोन. पुढं धारूरचा घाट चढून जायचं, आणि वाटेत एक कापडाचं दुकान उघडं असायची आशा नाही. शेवटी तो म्हणाला, हिरवं काहीबी द्या. किराणावाल्याकडं एक हिरवी चादर होती, डबल बेडची, मोठाल्या फुलांची, सोबत उशांच्या दोन खोळी. चादर त्यानं घेतली. खोळी परत दिल्या, ह्या राहू द्या म्हणाला.

किराणावाल्याची सासुरवाडी त्याच बाजूची, त्यामुळं पुढचंही त्याला कळलं होतं. बहीण खरोखर गेली होती. आधी दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती, अंगावर काढलं. चादर बघून सासरच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. थोरली जाऊ सगळ्यांदेखत बोलली, भावाला एक लुगडं जुडलं न्हाई व्हय. आपण दुकानात गेलतो, दुकानदारानं दिलं नाही, असंसुद्धा तो बोलला नाही. चादर तिच्या अंगावर स्वतः घातली, फुलं आत जातील अशी उलटी करून.

"आणि रंगाचं?" मी विचारलं.

"दर भाऊबीजेला ती पैलं हेच इचारायची म्हणं. दादा, रंग जायाचा न्हाई ना? एका साली गेलता, तवापासून. तोंडातून निघून गेलं म्हणाला."

मी पत्ती न घेता घरी आलो. मला शरम वाटली, आणि ती अशी की बायकोकडं बघवेना. तिला मी काही सांगितलं नाही, तरी तिला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो.

नंतर मी बराच विचार केला, दुकान बंद असल्यामुळं विचाराला वेळ भरपूर होता. वडिलांच्या खुणा खोट्या नव्हत्या. पण त्या दोघा बागायतदारांनी त्या तंतोतंत पाळल्या, कारण त्यांना फसवायचं होतं आणि ते पाठ करून आले होते. या माणसानं एकही पाळली नाही. तो एकटा आला, कारण पुतण्याला नाक्यावर अडवला. गादीवर बसला, कारण पाय भाजले होते आणि अंगात त्राण नव्हतं. निवडत बसला, कारण हे शेवटचं, निदान काठ तरी रुंद असावा. अशा वेळी माणसानं कसं वागावं हे ठरवणारा मी कोण? त्या यादीवाल्यावर मी दोन तास तोंड सोडलं होतं, की दुसऱ्याची गरज तू तिकडं बसून कशी ठरवतोस म्हणून. तो निदान मला बघत नव्हता. मी तर त्या माणसाला दोन हातांवरून बघत होतो.

तिसरं लुगडं, त्याला पसंत पडलेलं, मी वरच्या फळीवर बाजूला ठेवलं. वस्ती शोधून त्याला भेटून यायचं ठरवलं. गेलो नाही. आधी लॉकडाऊन होतं, मग दुकान उघडलं तेव्हा गर्दी होती, मग पाऊस लागला आणि कुणीतरी म्हणालं की ती मेंढरं दुसरीकडं गेली. ही सगळी कारणं खरी आहेत. खरं कारण हे की जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. लुगडं द्यायचं तर कुणासाठी?

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या साली तर लोक दोन वर्षांचं साठलेलं घ्यायला आले होते. जीवनावश्यक नसलेल्या कापडासाठी एकमेकांना कोपरानं ढकलत होते. त्या गर्दीत बायांच्या मागं तो पटका मला दिसला. मी पहिल्यांदा त्याच्या पायांकडं बघितलं. चपला होत्या, टायरच्या. त्याची पाळी येईपर्यंत मी दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या साड्या बांधून दिल्या.

तो पुढं आला आणि उभाच राहिला.

"तुमी म्हणलतं, लॉकडाऊन उठल्यावर या," तो म्हणाला. "आलो."

टोमणा नव्हता. टोमणा मारायचा तर आवाज थोडा तरी बदलतो. मी म्हटलं तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं, आणि त्याप्रमाणं आला होता. बहिणीच्या लेकीसाठी लुगडं पाहिजे, त्यानं सांगितलं, आता आईच्या जागी तीच ओवाळते म्हणाली. मी त्याला हाताला धरून गादीवर बसवलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना बायकोच्या हवाली केलं, स्टुलावर चढलो आणि वरच्या फळीवरचं ते लुगडं काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते लगेच ओळखलं. हात लावला नाही.

"हे न्हाई," तो म्हणाला. "हे तिचं हाय."

मी ते पुन्हा वर ठेवलं. आजही तिथंच आहे, झाडायला काढतो तेवढंच. मग मी दुसरी काढली. हिरवी, डाळिंबी, जांभळी, एकावर एक, जेवढी दुकानात होती तेवढी. प्रत्येक मी स्वतः उलगडलं. तो सावकाश बघत होता. काठ बोटात धरून चोळत होता, पदर उजेडात धरत होता, अगदी तसंच. शेवटी एक डाळिंबी त्याला पसंत पडलं. ते त्यानं मांडीवर घेतलं आणि घडी घालू लागला. मी वाट बघत होतो. आता विचारील, मग विचारील. विचारलं तर काय सांगायचं ते माझ्या तोंडाशी आलं होतं, सहा महिने मी तेच तर घोकत होतो. त्यानं घडी बसवली, लुगडं माझ्या हातात दिलं आणि पिशवी उघडून धरली.

माझ्यानं राहवलं नाही.

"मामा, याचा रंग जाणार नाही," मी म्हणालो.

"मी इचारलं न्हाई, शेठ," तो म्हणाला, आणि पिशवी काखेत मारून पायऱ्या उतरला.